दुसरं वर्ष तुझं

आमच्या वर्गात जमीन कायद्यांच्या पेपराला कुणी विचारत नसे. राज्यघटनेच्या तासाला बसायला जागा मिळायची नाही, फौजदारीला दुसऱ्या तुकडीतली मुलंसुद्धा येऊन मागे उभी राहायची. कूळकायदा, जमीन महसूल संहिता, तुकडेबंदी, कमाल जमीनधारणा असं सगळं एकात कोंबलेला हा पेपर मात्र परीक्षेच्या तोंडावर गाइडमधून उरकायचा, अशी रीतच पडली होती. मीही तेच करणार होते. १९८७ साली मी पुणे विद्यापीठाच्या एलएल.बी.ला होते आणि मला फौजदारी वकील व्हायचं होतं. पुढे जन्मभर महसुली दावे चालवले, तहसील आणि प्रांत कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, घर त्यावर चाललं. हे वळण ज्यांनी लावलं त्यांच्यात एक आमचे सर. त्यांना निदान कॉलेज पगार देत होतं. बाकीचे दोघे, माई आणि तात्या, यांना मी काहीच दिलेलं नाही.

सरांनी आधी बरीच वर्षं महसुली वकिली केलेली. कलम इंग्रजीतून वाचायचे आणि लगेच ते अर्जदाराच्या तोंडच्या मराठीत सांगायचे. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर अख्खा सात-बारा काढला. वर गाव नमुना सात, खाली बारा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, त्याखाली पोटखराबा, त्याखाली आकार. मग भोगवटादारांची नावं, कुळाचं नाव, इतर हक्क, आणि नावांशेजारी छोट्या वर्तुळात फेरफारांचे नंबर. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी एका नावाला कंस केला.

"हा माणूस उताऱ्यावरून गेला. कसा गेला? मेला, विकून गेला, की हाकलला?"

वर्ग गप्प.

"कंस ते सांगत नाही. शेजारचा नंबर सांगतो. तो फेरफार काढून वाचल्याशिवाय पक्षकाराला मत द्यायचं नाही."

आकार या रकान्यावर सर फार रमायचे. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने दख्खनची पाहणी करायला प्रिंगल नावाचा साहेब नेमला, त्याचा सारा इतका चढा निघाला की कुणबी जमिनी टाकून गेले; मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिडने आणि त्याच्या जोडीला विंगेटने नव्याने मोजणी केली, हे ते असं सांगायचे की जणू काल इंदापूरहून परत आले आहेत. तेहेतीस फुटांची साखळी, तिचा एक चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि मातीचा मगदूर बघून प्रत्येक नंबरावर बसवलेला सारा. त्याच पद्धतीतून, मधल्या फेरआकारण्या होत होत, आलेला आकडा आजही उताऱ्यावर रुपये-पैशांत बसलेला असतो. आम्ही कंटाळायचो. परीक्षेत इंदापूर येणार नव्हतं. या क्षुल्लक आकड्यावर पुढे किती हिशेब चालतात, हे कळायला मला घरचाच कागद लागला.

कारण सरांनी फर्मान काढलं की ज्याच्या घरी जमीन आहे त्याने आपला सात-बारा आणायचा, मिळतील ते जुने कागद आणायचे. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. वडिलांनी पाकीट शिवाजीनगरला येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिलं. त्यात उतारा होता आणि आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतला एक कागद होता: कूळकायदा कलम ३२-म खालचं प्रमाणपत्र.

आम्ही कूळ होतो, हे मला माहीत होतं, म्हणजे घरात शब्द कानावर होता. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्याने मालक मानला गेला, हेही गाइडात होतं. पण मानला गेला म्हणजे लगेच झाला असं नव्हे. ३२-ग खाली मामलेदार न्यायाधिकरण म्हणून बसणार, कुळाला आणि मालकाला नोटीस काढणार, आणि कुळाला विचारणार, तुला ही जमीन घ्यायची आहे का? कूळ हजर राहिलं नाही, किंवा नको म्हणालं, तर खरेदी निष्प्रभ. कित्येकांनी मालकाच्या दबावाखाली, भिडेखातर, कर्जापोटी नको म्हटलं आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एका जबाबात घालवली. आजोबा १९६२ साली तारखेला चालत जुन्नरला गेले आणि हो म्हणाले. किंमत ठरायची ती आकाराच्या वीस ते दोनशे पटीत. आमचा आकार सहा रुपये चाळीस पैसे, किंमत साठ पट, ३८४ रुपये, तेही हप्त्याने. त्या जमिनीच्या कांद्यावर माझी फी भरली जात होती.

सरांनी आमचा उतारा वर्गात वाचला. "कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" हा शेरा त्यांनी सगळ्यांना वहीत उतरवायला लावला. मग इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवून मला विचारलं, "या दोघी कोण?"

"आत्या."

"आजोबा कधी वारले?"

"एकोणऐंशीला."

"मग ह्या तुझ्या वडिलांच्या शेजारी का नाहीत? खाली इतर हक्कात का?"

मला उत्तर आलं नाही. सरांनीही दिलं नाही. पुढच्या मुलाचा उतारा मागितला.

---

मी राहत होते सदाशिव पेठेत, एका वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत, माईंकडे. माई सत्तरीच्या. मूलबाळ नाही, नवरा १९५५ मध्ये गेलेला. वाड्यात त्या भाडेकरू. भाडं १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने इतकं गोठलेलं की मालक ते घ्यायला स्वतः न येता नोकराला पाठवायचा. पोटभाडेकरू ठेवला तर जागा जाते, हे माईंना पक्कं ठाऊक असल्यामुळे वाड्यात मी त्यांची भाची होते. भाचीचं आडनाव, बोली, जेवणातला तिखटपणा काहीच जुळत नव्हतं, पण कुणी विचारलं नाही. खोलीचं भाडं त्या घेत नसत. मी त्यांना पेपर वाचून दाखवायचा, पाणी भरायचं, पेन्शनीच्या आणि रेशनच्या रांगेत उभं राहायचं, एवढाच करार. दोन वेळचं जेवण त्यात धरलेलं होतं की नाही हे कधी ठरलंच नाही. ते मिळत गेलं.

३२-म चा कागद आला त्या संध्याकाळी त्यांनी तो मागून घेतला. वातीचा पेळू बाजूला ठेवला, चष्मा पुसला, दिव्याखाली धरून सगळा वाचला. शिक्का कुठला, सही कुणाची, तेही वाचलं. मी जरा अवघडले होते, कारण माई कूळकायद्याच्या दुसऱ्या बाजूच्या, हे मला कळलं होतं. वाईजवळ कृष्णाकाठी त्यांच्या वाट्याची साडेतीन एकर जमीन होती, आणि त्यावर कूळ होतं.

मालकाच्या नावाशी त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "हप्ते वेळेवर भरले का तुझ्या आजोबांनी?"

"भरले."

"मग चांगलं झालं," म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात देऊन पेळू उचलला.

त्यांचं वाईकडचं घर १९४८ च्या जळितात गेलेलं. गांधीहत्येनंतर सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांची घरं जळली, त्यातलं एक. कुणी जाळलं ते माई सांगत नसत. दप्तराची पेटी कुणी बाहेर काढली, तेवढं सांगायच्या: तात्याच्या बापाने. तात्या म्हणजे त्यांचं कूळ.

तात्या वर्षातून एकदा, हळद शिजवून वाळवून झाली की यायचा. खंड मनीऑर्डरने आधीच आलेला असायचा. तोही आकाराच्या पटीत बांधलेला, चहापाण्याला पुरावा इतका. पण तात्या हळदीची पिशवी, गुळाची ढेप आणि वाईचा घेवडा घेऊन यायचा, ओसरीवर बसायचा, आणि माई त्याच्यादेखत खंडाची पावती लिहायच्या. तारीख, सर्व्हे नंबर, अक्षरी रक्कम, तिकिटावर सही. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे हे मला सरांनी शिकवलं होतं; पण ती द्यायला मालकाला अपील कोर्टापर्यंत ओढावं लागतं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. इथे पावती दिली नाही तर माईंना झोप आली नसती.

"माईसाब, आवंदा हळद जरा हलकीच हाय. पानी कमी पडलं."

"हलकी आहे तर एवढी कशाला आणलीस? विकायची ना."

"इकली की. ही तुमची."

आता यात कायद्याची गोम अशी होती. कृषक दिनाला सगळी कुळं मालक झाली, पण मालक अज्ञान असेल, विधवा असेल किंवा अपंग असेल, तर खरेदी लांबणीवर पडत होती. माई त्या दिवशी विधवा होत्या, आणि त्यांच्या नवऱ्याची भावाशी वाटणी आधीच झालेली होती. म्हणून तात्याच्या बापाला ३२-ग ची नोटीस कधी आलीच नाही. त्याच्या शिवारातली बाकीची कुळं मालक झाली, हा कूळच राहिला. माई जिवंत असेपर्यंत हे असंच चालणार. त्या गेल्यावर त्यांच्या वारसाला एक वर्ष: त्या वर्षात त्याने जमीन जातीने कसायला मागायची तर मागावी. ते वर्ष उलटलं की पुढचं एक वर्ष कुळाचं. १९६९ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक अट घातली: कुळाने त्या वर्षाच्या आत मालकाला आणि न्यायाधिकरणाला लेखी कळवलं पाहिजे की मी खरेदी करणार. नाही कळवलं, तर हक्क गेला. कलम ३२-फ.

म्हणजे कुळाने मालकिणीच्या मरणाची तारीख धरून दिवस मोजायचे. मालकीण पुण्यात, वारस बडोद्यात, कूळ कृष्णाकाठी, आणि कुळाला अक्षरओळख नाही. सरांनी हे कलम शिकवलं तेव्हा फळ्यावर दोन वर्षांचे दोन खाने काढले आणि म्हणाले, "विधवेला संरक्षण म्हणून आणलेलं कलम आहे. हे प्रत्यक्षात संरक्षण कुणाला देतं, ते लिहून आणा." मी लिहिलं ते त्यांना पसंत पडलं नाही. मी विधवेची बाजू मांडली होती. माझ्या डोळ्यांसमोर माई होत्या, आणि सरांना वाटलं मी गाइड उतरवलं.

त्या रात्री जेवताना मी माईंना कलम सांगितलं. त्यांना विधवा म्हणून सूट आहे, हे माहीत होतं. पुढची दोन वर्षं माहीत नव्हती. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. ताट आवरलं. नंतर कितीतरी दिवस त्या विषयावर शब्द नाही.

तात्या हळद घेऊन आला तेव्हा त्यांनी मला आतून वही आणायला सांगितली.

"लिही. मोठ्या अक्षरात लिही, त्याच्या पोराला वाचता आलं पाहिजे. माझ्या पश्चात पहिलं वर्ष माझ्या पुतण्याचं. त्या वर्षात त्याने जमीन जातीने कसायला मागितली नाही, तर दुसरं वर्ष तुझं. त्या वर्षात मामलेदार कचेरीला आणि पुतण्याला, दोघांना लेखी कळवायचं, की जमीन मी घेणार. तोंडी सांगून चालणार नाही. रजिस्टर करायचं आणि पोच जपून ठेवायची." खाली बडोद्याचा पत्ता घालायला लावला. मग माझा गावचा पत्ता. मला न विचारता.

तात्या अस्वस्थ झाला. "माईसाब, सनाच्या दिसात असलं अभद्र काय लिवून घेताय?"

"अभद्र नाही, कलम आहे. घडी घाल आणि नीट ठेव."

तो गेल्यावर मी विचारलं, "माई, पुतण्याचं नुकसान नाही का होणार?"

"त्याला पहिलं वर्ष कायद्यानेच दिलंय की. आणि त्याला वाचता येतं."

हे मी सरांना सांगितलं. मला खरं तर शंका होती: हे योग्य झालं का, माझ्या हाताने एकाच्या बाजूचं काही लिहिलं गेलं का. सर म्हणाले, "तुझी अशील कोण?" म्हटलं, माई. "मग अशिलाने सांगितलं ते तू लिहिलंस. पुढचा तास घेऊ का?" पण परीक्षेनंतर त्यांनी मला स्वतःच्या चेंबरमध्ये बसायला बोलावलं, महसूल न्यायाधिकरणापुढच्या फायली वाचायला दिल्या, आणि त्यांचा कूळकायद्याचा जुना, समासात पेन्सिलीने भरलेला बेअर अ‍ॅक्ट दिला. त्यात ३२-फ च्या समासात त्यांच्या अक्षरात एकच प्रश्न होता: कुळाला कळणार कसं?

---

माई १९९३ च्या फेब्रुवारीत गेल्या. मी तेव्हा खेडला वकिली सुरू केली होती. तात्या पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर माझ्या घरी आला, बरोबर मुलगा. युरियाच्या पोत्याचा तुकडा कापून त्यात गुंडाळलेला माझ्याच अक्षरातला कागद त्याने पुढे केला. "पैलं वरीस झालं," म्हणाला. पहिल्या वर्षात पुतण्याकडून काहीच आलं नव्हतं. मी दोन नोटिसा टंकलिखित करून दिल्या, पोचपावत्या कशा जपायच्या ते मुलाला सांगितलं, आणि वाईच्या एका वकिलांकडे त्यांना धाडलं. चौकशी लागली. पुतण्या एका तारखेला आला, कागद बघितला आणि मला भेटून विचारलं, हे अक्षर कुणाचं. मी सांगितलं. त्याने माईंच्या औषधपाण्याला तो पैसे पाठवायचा, हे ऐकवलं. ते खरंच होतं. मनीऑर्डरी मीच घेतलेल्या. जमीन तात्याच्या नावावर झाली. पुतण्याने अपील केलं नाही.

ही एक गोष्ट जमली म्हणून बाकीच्या जमल्या असं नाही. माझ्याकडे पुढे कितीतरी कुळं आली ती तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी आली. मालकीण वारल्याचं त्यांना कळलंच नव्हतं, किंवा कळलं होतं आणि वर्ष मोजायचं असतं हे माहीत नव्हतं. मालक अज्ञान असला आणि सज्ञान झाला, तर त्याने कुळाला तसं कळवायचं, अशी तरतूद कायद्यात होती; विधवेच्या वारसावर मात्र असं कुठलंच बंधन नव्हतं. मुदत हुकलेल्या अशा प्रकरणांत युक्तिवाद करताना माझ्याकडे कायदा नसे, नुसता समासातला प्रश्न असे. हरायचो.

सप्टेंबर २०१९ मध्ये वसंत गणपत पडवे विरुद्ध अनंत महादेव सावंत या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की विधवा मालकिणीचा हक्क संपल्याचं तिच्या वारसाने कुळाला कळवलंच पाहिजे. माईंनी बत्तीस वर्षं आधी वहीच्या पानावर जे केलं, ते आता सगळ्या वारसांवर बंधनकारक झालं. निकाल मी छापून घेतला. दाखवायला सर नव्हते. तात्याच्या मुलाला फोनवर सांगितला, तर तो म्हणाला, "मंजे आधी न्हवतं व्हय हे?" त्याला वाटत होतं, कायद्याने द्यावंच लागतं म्हणून माईंनी लिहून दिलं.

आमच्या घरच्या जमिनीची गोष्ट याच सुमाराची. २०१४ मध्ये कलम ४३ शिथिल झालं: ३२-म चं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर विक्रीला परवानगी नको, आकाराच्या चाळीस पट नजराणा भरला की बंधनातून सुटका. आमच्या सहा रुपये चाळीस पैशांचे चाळीस पट, २५६ रुपये. नाशिक रस्त्याजवळची जमीन. भावाने ते भरले आणि गिऱ्हाईक आणलं. गिऱ्हाइकाच्या वकिलाने उतारा बघितला आणि इतर हक्कातल्या दोन बायकांचं हक्कसोडपत्र मागितलं. भावाने मसुदा माझ्याकडूनच करून घेतला. मी घरची वकील. वडील तोवर गेले होते.

मसुदा करून दिला, आणि दोघी आत्यांना माझ्याकडे बोलावून जेवू घातलं. मग सांगितलं: ही जमीन आजोबांची स्वतःची खरेदी, ते मृत्युपत्र न करता गेले, हिंदू वारसा कायद्याने तुमचा वाटा माझ्या वडिलांइतकाच. नोंद करताना तुमची नावं खाली इतर हक्कात घातली गेली, त्याने हक्क कमी होत नाही. सही करायची तर खुशाल करा, पण एवढं ऐकून करा. थोरली म्हणाली, भावाच्या लेकराकडून काय घ्यायचं, आणि तिने सही केली. धाकटीने मसुदा उलटसुलट वाचला, पर्समध्ये ठेवला आणि एस.टी.ने घरी गेली. व्यवहार मोडला. भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलतो. वहिनी तेवढंही नाही.

धाकट्या आत्याने आता त्या जुन्या वारसफेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपील केलं आहे, विलंबमाफीच्या अर्जासकट. वकीलपत्र मला घेता येत नव्हतं, माझी ज्युनिअर काम बघते. जाबदेणार क्रमांक एक माझा भाऊ, क्रमांक दोन मी.